चौदावं पत्र

१

मंगळवारी दुपारी सुनावणीच्या मांडवात चारशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं आली एकेचाळीस. ती एकेचाळीसही एकाच गावाची, पळसटोल्याची. उरलेल्या तेरा गावांतून चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

डोंगर खाणीला द्यायचा की नाही, याची ती सुनावणी होती. कुरखेडा तालुक्यातल्या चौदा गावांचा त्या डोंगरावर सामूहिक हक्क आहे. मोहफूल, तेंदूपान, बांबू, गुरांचा चारा, आणि माथ्यावरचं देवाचं ठाणं. चौदाही गावांनी महिनाभर आधी बसून एकमुखानं ठरवलं होतं, की डोंगर द्यायचा नाही. पण नाही म्हणायला माणूस समोर उभा लागतो. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी दोन तास वाट पाहिली, मग कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. एका गावाची हरकत, तेरा गावांची हरकत नाही. साहेबांची गाडी गेली आणि मांडववाल्यानं खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या.

मंगरू पोरेटी हे या चौदा गावांच्या महाग्रामसभेचे अध्यक्ष, तयारीसाठी शुक्रवारपासून तालुक्यालाच मुक्कामी. त्यांनी तिथूनच गावोगाव फोन लावले. पहिल्या गावानं सांगितलं तेच तेराव्यानं सांगितलं. "आमाले काऊन बोलता भाऊ? येऊ नका म्हनून तुमीच तं पत्र पाठवलं!"

पत्र शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आलं होतं. आमच्या भागात प्रत्येक ग्रामसभेचा एक फोन असतो. त्यावर आलेला ईमेल, ज्याच्याकडे फोन असेल तो सगळ्यांना वाचून दाखवतो. पत्रात लिहिलं होतं, "मंगळवारची सुनावणी पुढे ढकलली आहे. नवीन तारीख कळवू. तोवर कुणीही तालुक्याला येऊ नये." खाली 'महाग्रामसभा' एवढंच. मग थोडी कोरी जागा, दोन कुणाला न कळणाऱ्या इंग्रजी ओळी, आणि अगदी तळाला 'गाव :' आणि वस्तीसाठीचा 'टोला :' असे दोन शब्द, पुढे काहीच न भरलेले. घाईत राहिलं असेल म्हणून कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता महाग्रामसभेचाच होता, अक्षर न् अक्षर बरोबर.

त्या पत्त्याचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत होता. दीपिका हलामी. तीन वर्षांपासून ऑफिस सांभाळणारी, चौदा गावांतली संगणक शिकलेली पहिली मुलगी.

आणि पत्र जे एक गाव सोडून सगळ्यांना गेलं होतं, ते एक गाव पळसटोला होतं. दीपिकेचं जन्मगाव, घर, सगळं तेच.

२

मी रामाजी चौखे. छत्तीस वर्षं डाक खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा डाक निरीक्षक म्हणून. गहाळ रजिस्टर पत्रं, फोडलेली पाकिटं, मेलेल्या माणसाच्या सहीनं उचललेली पार्सलं, हे सगळं मी हाताळलं आहे आणि बहुतेक वेळा चोराला घरी जाऊन उठवलं आहे. निवृत्तीनंतर सिंदेवाहीला परत जायचं सोडून कुरखेड्यालाच राहिलो. महाग्रामसभेच्या कागदपत्रांत मदत करतो. त्यांची वेबसाइट झाली तेव्हा तिच्यावर 'आम्हाला लिहा' हा अर्ज कसा असावा, ते मीच ठरवून दिलं होतं. लोक फोनवरूनच त्यात तक्रार भरतात आणि ती ईमेल होऊन ऑफिसात पोचते. एवढं माझं हातभर कौतुक लोक करत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

बुधवारी मंगरूभाऊ घरी आले. चहाला हात लावला नाही.

"रामाजीभाऊ, तुमी पोस्टातले चोर धरले. हाही धरून द्या. पुढच्या मंगळवारी चौदा गावं बसून राह्यली. पोरीचं नाव आलं तं कोन्या गावात तिले कोनी बसा म्हननार नाई. तिच्या मायलेबी नाई."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटन्याचं सोडा जी. डोंगर गेला. लोकं कोनाले तरी धरतीनच."

गुरुवारी मी पळसटोल्याला गेलो. दीपिका अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. आई, सोमारीबाई, ओट्यावर बसली होती. मी आल्यावर तिनं बाज टाकून दिली आणि आत निघून गेली.

"मी नाई पाठवलं साहेब," दीपिका सूप न थांबवता म्हणाली.

"शनिवारी अकराला कुठे होतीस?"

"ऑफिसात. एकटी."

"पासवर्ड आणखी कुणाला माहीत?"

"कोनालेच नाई. आधी राजदीपभाऊले होता. ते पोळ्याले काम सोडून गेले, अन् मी त्याच दिवशी बदलवला."

स्वतःच्या गळ्यात फास घट्ट करायची तिला घाईच दिसली. मी विचारलं, पळसटोल्यालाच पत्र का आलं नाही. ती म्हणाली, तिला माहीत नाही. दिवाळीनंतर गावाचा फोन नदीत पडला होता, तेव्हा तिनं गावाला नवीन पत्ता काढून दिला आणि जुना बंद करून टाकला. नवीन पत्ता तिनं यादीत चढवला होता. बाकीची तेरा गावं होती तशीच राहिली.

"आणखी काही? लपवू नकोस."

सूप थांबलं. "एक गोष्ट हाय. सोमवारी मी मेल उघडला तं आपल्याच पत्त्यावर एक पत्र येऊन होतं. वरचं नाव अर्धवट, मधात इंग्रजी. कचऱ्याचे मेल येत राह्यतात ना, तसंच वाटलं. वाचलंच नाई. पुसून टाकलं. आता वाटते का तेच होतं." तिनं सूप खाली ठेवलं. "हे मी कोनालेच सांगितलं नाई. पुसलं म्हटलं तं लोकं काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील ते मलाही कळत होतं. पाठवलं हिनंच, आणि खूण पुसली हिनंच.

मी उठलो. ती माझ्यामागं अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"साहेब, तुमी तरी मानता का, का मी नाई केलं म्हनून?"

छत्तीस वर्षांची सवय. संशयिताला कधी दिलासा द्यायचा नाही, हे मी नव्या निरीक्षकांना शिकवत असे. "मी मानत-बिनत नाही," मी म्हणालो. "मी पुरावा पाहतो."

तिनं मान हलवली. पाखडलेली लाखोरी तशीच ठेवून ती घरात गेली, आणि मला वाटलं, झालं ते बरंच झालं, मुलगी आता आणखी काही लपवणार नाही.

३

आधी माणसं बघायची, कागद मागून, ही माझी पद्धत. शुक्रवारी राजदीपला गाठलं. पाच वर्षं तो महाग्रामसभेचा समन्वयक होता, गावोगाव पायी फिरून ईमेल पत्त्यांची यादी केलेला. आता वडसा रस्त्यावर खाणीच्या कंत्राटदाराच्या ऑफिसात बसतो. टेबलावर पाण्याची बाटली, गळ्यात ओळखपत्र.

"बसा जी, रामाजीभाऊ. मालूम हाय कायले आले ते. पासवर्ड मले ठाऊक होता, पन मी गेल्यावर तिनं बदलवला. विचारा तिले."

"विचारलं. ती पण तेच म्हणते."

"मंग?" तो हसला. "शनिवारी मी चंद्रपूरले होतो. साहेबासंग फोटो हाय." त्यानं फोन काढून फोटो दाखवला. खरंच चंद्रपूर होतं, खरंच शनिवार होता, मागच्या भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी.

"तुझं काय मत?"

"मत कायचं? सीधी गोष्ट हाय. तिनं घरी सांगून ठेवलं असन. नाई तं चौदाही गावाले पत्र गेलं, अन् पळसटोल्याचेच लोकं काऊन आले?"

आमच्याकडे 'चौदा गाव' हे तोंडात बसलेलं आहे. महाग्रामसभेचं नावच ते. मीही दिवसातून दहा वेळा म्हणतो. मी ऐकलं आणि चहा संपवला. निघताना राजदीप फाटकापर्यंत आला. "पोरगी वाईट नाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर कळवळा होता.

शनिवार-रविवार मी घरी कागदावर चार नावं लिहून बसलो. दीपिकेला संधी होती. मंगरूभाऊंना ऑफिसची किल्ली होती, पण त्यांना ईमेल उघडायलाही नातू लागतो. राजदीपला कारण होतं, पण वाट नव्हती. चौथा प्रफुल, वेबसाइट बनवणारा. त्याला वाट असेल, पण कारण काय? शेवटी प्रत्येक रेघ फिरून दीपिकेपाशीच येत होती. रविवारी संध्याकाळी मी तिच्या नावाखाली दोन रेघा मारल्या. आता लिहायला लाज वाटते, पण मारल्या.

४

सोमवारी वरोऱ्याला गेलो तो केवळ फाइल पूर्ण करायला. प्रफुलचं दुकान कापूस बाजाराजवळ आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, आणि फावल्या वेळात वेबसाइट. पत्र मिळालेल्या तेरा गावांपैकी एका गावाचा फोनच मी मागून नेला होता.

"बरं केलं सर," तो म्हणाला. "दुसऱ्यानं पुढं ढकललेलं पत्र कामाचं नसते. मूळचंच लागते." त्यानं पत्र उघडलं, कुठेतरी दाबलं, आणि पडद्यावर पत्राच्या वरती वीस-पंचवीस ओळी उलगडल्या.

"हे काय?"

"पाकीट. तुमाले कसं सांगू... आपन पत्र पाह्यतो, पाकीट पाह्यत नाई. कोनाकडून, कोनाले, विषय काय, अजून कोनाकोनाले प्रत, हे सारं पाकिटावर एकेका ओळीत असते. अन् कोन्या पोस्टातून निघालं त्याचा शिक्काबी." त्यानं बोट ठेवलं. "हा शिक्का पाहा."

शिक्का मला कळतो. कोणत्याही भाषेतला कळतो. महाग्रामसभेच्या ईमेलचा शिक्का तो नव्हता.

"हे तुमच्या मेलमधून निघालंच नाई सर. पासवर्डचा काई संबंधच नाई. वेबसाइटच्या 'आम्हाला लिहा'तून निघालं हे."

मी पत्राच्या तळाकडे पाहिलं. 'गाव :' आणि 'टोला :'. आमच्याच अर्जातले रकाने. सहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते.

"पण तो अर्ज तर फक्त आपल्याकडे येतो," मी म्हणालो. "तेरा गावांना कसा जाईल?"

"तक्रार भरली का प्रोग्राम पाकीट तयार करते. विषयाच्या ओळीत लिहिते, 'तक्रार', अन् पुढं भरनाऱ्याचं नाव. ओळ संपली का दुसरी सूचना. आता समजा नावाच्या खोक्यात कोनी नाव लिहिलं, एन्टर मारला, अन् खालच्या ओळीत लिहिलं का याची गुपचूप प्रत ह्या लोकाईले द्या. मशीनले काय समजते? नवी ओळ आली, म्हंजे पाकिटावरची नवी सूचना. मंग एक कोरी ओळ सोडून त्यानं आपलं पत्र लिहिलं. कोरी ओळ आली का मशीन समजते, पाकीट संपलं, पत्र सुरू. आपलं खरं पाकीट अन् गाव-टोला मंग खाली ढकलल्या जाते."

"आणि पाठवणारा?"

"आपनच. वेबसाइट महाग्रामसभेच्याच नावानं पाठवते ना. चंद्रपुरात बसून करा नाई तं दिल्लीत."

माझ्या पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मुलगी सुटली! मी उभाच राहिलो. "म्हणजे कुणीही करू शकतो? मग हे तू आधी बंद का केलं नाहीस? नावाच्या खोक्यात एन्टर चालतोच कशाला?"

 प्रफुलनं टेबलाचा खण ओढला आणि आतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.

अक्षर माझं होतं.

५

मला ते वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.

त्याचं असं झालं होतं. अर्ज पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा नावाच्या खोक्यात एकच ओळ मावायची. इकडच्या गावांत तक्रार कधी एकट्याची नसते. एकाचं नाव वर लिहिलं की चौकशीला त्या एकालाच नेतात, म्हणून टोल्यातली सगळी नावं लिहायची, एकाखाली एक. गावं म्हणाली, एकाच नावाचा अर्ज आम्ही भरणार नाही. मी प्रफुलला फोन केला. तो म्हणाला, सर, तिथे ओळ तोडू देणं बरं नाही. पाहिजे तर नावं आत, पत्रात घेऊ. विषयाची ओळ आपली ठरलेली राहील, भरणाऱ्याचं एक अक्षर पाकिटावर जाणार नाही.

आणि मी काय लिहिलं होतं? "पत्र उघडण्याआधी नावे दिसली पाहिजेत. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव पाच ओळींत असले तरी पोस्टमन कधी चुकत नाही, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे. तरी नावाच्या रकान्यात एकाखाली एक ओळी लिहिता येतील असे करून द्यावे. यावर पुन्हा चर्चा नको." खाली सही, आणि सहीखाली 'डाक निरीक्षक (निवृत्त)'.

"मी मंग तपासनी काढून टाकली," प्रफुल म्हणाला. "ओळ तुटली का अर्ज परत करनारी होती ती. माझीबी चूकच हाय सर. पन तुमी मोठे मानूस."

"आता नीट करायला किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

त्यानं माझ्यासमोरच केलं. विषयाची ओळ कायमची ठरवून टाकली. नावं कितीही ओळींत असोत, ती पत्राच्या आत. ईमेलच्या पत्त्याच्या रकान्यात ओळ तुटली की अर्ज परत. वीस नाही, सतरा मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो.

"कुणी भरलं ते कळेल?"

"सर्व्हरवर नोंद असते. कोन्या फोनवरून, केव्हा." त्यानं पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकला. "सातच दिवस राह्यते सर. शनिवारपर्यंत होती. परवापर्यंत."

शुक्रवारी मी राजदीपकडे चहा पीत होतो. शनिवारी कागदावर रेघा मारत होतो. आधी माणसं, कागद मागून.

पण माझ्या डोक्यात दुसरंच काही फिरू लागलं होतं. डाकेत न पोचलेलं पत्र कुठे जातं? परत येतं. मी प्रफुलला विचारलं, ईमेल पोचला नाही तर काय होतं.

"परत येते. वेबसाइटच्या पेटीत. ती पेटी कोनी उघडतच नाई."

"उघड."

पेटीत हजारेक मेल साठले होते. त्यातला एक शनिवारचा, अकरा वाजून अकरा मिनिटांचा. हा पत्ता अस्तित्वात नाही, म्हणून पत्र परत. खाली पत्ता होता. पळसटोल्याचा, जुना. नदीत पडलेल्या फोनचा.

म्हणजे पळसटोल्याला कुणी वगळलंच नव्हतं. पाठवणाऱ्यानं चौदाही गावांना पाठवलं होतं. त्याच्याकडची यादी दिवाळीच्या आधीची होती, एवढंच. दीपिकेनं पाठवलं असतं तर नवीन पत्ता तिनंच काढलेला होता. जुना बंद आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. यादी ऑफिसबाहेर एकाच माणसाकडे होती, जो पोळ्याला ती घेऊन गेला. आणि सगळा तालुका 'तेरा गावांना पत्र गेलं' म्हणत असताना एकच माणूस चौदा म्हणाला होता. कारण त्याच्या हिशेबी चौदाच गेली होती. चौदावं परत आलंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी ते परत आलेलं पत्र छापून घेतलं. छत्तीस वर्षांत इतका स्वच्छ पुरावा माझ्या हातात आला नव्हता.

६

मंगळवारी चौदा गावं गोल करून बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं. शिक्का, रकाने, जुनी यादी, राजदीपचे शब्द. मग निळं आंतरदेशीय पत्र काढून माझं अक्षर वाचून दाखवलं, सहीसकट. ते वाचल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नव्हता.

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही.

राजदीप आला नव्हता. त्यानं निरोप पाठवला होता, नोंद दाखवा, मग बोलू. नोंद शनिवारी पुसली गेली होती. सुनावणीचा अहवाल वर गेला होता. वरून तोंडी उत्तर आलं होतं, की खोट्या पत्राची चौकशी पोलीस करतील, पण जे हजर नव्हते त्यांची हरकत आता धरता येत नाही. डोंगर गेल्यात जमा होता. सोडवण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

मग मंगरूभाऊ बोलले. "रामाजीभाऊ, तुमी एक चुकले. आमी तं पोरीले आठ दिवस दारात उभं नाई केलं. सबन मानता ना का तिनं केलं नाई?"

गोलातून एकेक गाव 'मानतो' म्हणत गेलं. आमच्याकडे एकानं जरी नाही म्हटलं तरी निर्णय होत नाही. कुणी नाही म्हटलं नाही.

"मंग तिले आना. तिच्यासमोर सांगू."

मागच्या रांगेत सोमारीबाई उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं म्हणून की काय, ती सगळा वेळ उभीच होती.

"ती नाई," ती म्हणाली. "आयतवारी सकाळच्या गाडीनं गेली. मिरची तोडाले. गोदावरीच्या पल्याड."

"कोन्या गावाले?"

"ते ठेकेदाराले मालूम. आमाले नाई सांगत."

"फोन लाव ना बाई."

सोमारीबाईनं पदरातून फोन काढून दाखवला. दीपिकेचाच. "हा इथीच ठेवून गेली. म्हने, याच्यापायीच झालं सारं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तरी मी सोसला असता. "तुमी येऊन गेले ना साहेब, त्या दिवसापासून ती जेवलीच नाई. म्हने, गावाचं सोड, पन साहेबाले तं पटन असं वाटलं होतं."

रविवारी सकाळी. त्याच रविवारी संध्याकाळी मी तिच्या नावाखाली रेघा मारल्या होत्या.

सभेनं पत्र लिहिलं. 'दीपिका हलामीनं काही केलं नाही. चौदा गावं तिची माफी मागतात. तिनं परत यावं.' खाली नावं, एकाखाली एक, सह्या आणि अंगठे, सात पानं. शेवटच्या पानावर तळाशी मी माझं नाव लिहिलं. 'डाक निरीक्षक' लिहिलं नाही.

"हे तुमी पोचवा," मंगरूभाऊंनी पानं माझ्या हातात दिली. "तुमी पोस्टाचे."

मी सिरोंच्याला गेलो. पुलावर मिरचीच्या गाड्यांची चौकशी केली. पल्याड चार दिवस फिरलो. मैलोगणती लाल शेतं आहेत, एकेका शेतात शंभर-शंभर बाया वाकलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, आणि मला तेलुगू येत नाही. ठेकेदार नाव विचारलं की हसतात. त्यांच्याकडे बायांची नावं नसतात, गाडीचा नंबर असतो. पाचव्या दिवशी घरी आलो.

आता आठवडा झाला. पत्र पाकिटात घालून डिंक लावून ठेवलं आहे. अर्जातून तक्रारी येतात, नावं एकाखाली एक, पत्राच्या आत, सगळं सुरक्षित चाललंय. प्रफुलनं दोनदा स्वतःच अर्जावर तसा हल्ला करून पाहिला, एकही ओळ पाकिटावर चढली नाही.

माझ्यासमोरच्या पाकिटावर मी सुवाच्य अक्षरात 'कु. दीपिका हलामी' लिहिलं आहे. त्याखाली गाव, टोला, तालुका, पिनकोड लिहायला चार ओळींची जागा सोडली आहे. आयुष्यभर मी पत्ता नसलेली पत्रं परत पाठवत आलो. हे मी कुणाला परत पाठवू?